पेशीचे मरण आणि त्याचे माप
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी जेव्हा मला "या खेपेस तुम्ही बोला" असे सांगितले, तेव्हा त्यांना वाटले असावे की मी लोणच्यांवर नाही तर मुलांच्या आवडीनिवडींवर बोलेन. विषय ऐकल्यावर त्या क्षणभर गप्पच बसल्या. मग म्हणाल्या, "अहो, मरणावर कसले बोलता? काही शुभ बोला की!" परंतु हा विषय कानाला लागतो तितका अशुभ नाही, हे माझे बोलणे संपेपर्यंत तुम्हालाही पटेल अशी आशा आहे.

माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा शास्त्राचा अधिकार मजकडे नाही. माझी भाची मात्र पुण्याला एका प्रयोगशाळेत संशोधन करते. गेल्या पावसाळ्यात मी तिच्याकडे महिनाभर होते. रात्री जेवताना ती दिवसभराचे काम सांगे आणि मी विचारीत असे. एकदा वरिष्ठांची परवानगी काढून तिने मला प्रयोगशाळाही दाखविली. जे मला नीट समजले तेवढेच आज सांगणार आहे.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे हे आपल्या नातवंडांच्या पुस्तकातही असते. पण त्या पेशी रोज अब्जावधींनी मरतात आणि त्या मेल्या म्हणूनच आपण धडधाकट राहतो, हे मला ठाऊक नव्हते. बाळ आईच्या पोटात असते तेव्हा त्याचा पंजा आधी वल्ह्यासारखा सपाट असतो. बोटांच्या मधल्या पेशी ठरल्या वेळी मरतात, म्हणून बोटे सुटी होतात. बेडकाच्या पिलाचे शेपूट असेच नाहीसे होते. शास्त्रज्ञांनी मातीत राहणाऱ्या एका बारीक किड्याच्या सर्व पेशी अगदी मोजून काढल्या. त्याच्या वाढीत एकंदर १,०९० पेशी जन्मतात, त्यांतल्या १३१ मरतात आणि ९५९ उरतात. प्रत्येक किड्यात त्याच पेशी, त्याच वेळी! जणू पंचांगात मुहूर्त लिहून ठेवलेला. या कामाबद्दल ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन या तिघांना २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मरणही दोन तऱ्हेचे असते. हात भाजला तर तिथल्या पेशी फुगून फुटतात, आतले सारे बाहेर सांडते आणि भोवती आग होते. हे अपघाती मरण. दुसऱ्या तऱ्हेत पेशी आपण होऊन आक्रसते, आतले सामान लहान लहान पुड्यांत बांधते, आणि शेजारच्या पेशी त्या पुड्या गिळून टाकतात. कुठे सांडलवंड नाही, कुठे सूज नाही. भाड्याचे घर सोडताना एखादी नीटनेटकी बाई सामान बांधून, केर काढून, किल्ली मालकाच्या हाती देते ना, तसेच. १९७२ साली केर, वायली आणि करी या तिघांनी या मरणाला 'अपॉप्टोसिस' असे नाव दिले. तो ग्रीक शब्द आहे. झाडावरून पाने गळणे असा त्याचा अर्थ. आपण पिकले पान म्हणतो, त्यातलाच हा प्रकार.

आता कोणी म्हणेल की पेशी मरतात तर मरू देत, आपल्याला काय त्याचे? अडचण होते ती मरायची वेळ झालेली पेशी मरेनाशी झाली म्हणजे. पूर्वी असे समजत की कर्करोग म्हणजे पेशींची बेसुमार वाढ. ते खरेच आहे, पण ती अर्धी गोष्ट झाली. रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या एका कर्करोगात 'बीसीएल-२' नावाचे प्रथिन फार प्रमाणात सापडले होते. १९८८ साली ऑस्ट्रेलियात व्हॉक्स, कोरी आणि अॅडम्स यांनी दाखविले की हे प्रथिन पेशींची वाढ करीत नाही, तर त्यांना मरू देत नाही. घरात येणारी माणसे नेहमीइतकीच, पण जाणारे कोणीच नाही, तर काय होईल? तसेच तेथे होते. याच बीसीएल-२ ला अडविणारे व्हेनेटोक्लॅक्स नावाचे औषध २०१६ साली अमेरिकेत मंजूर झाले आणि आता ते वापरात आहे. पहिल्या शोधापासून गोळी हाती येईपर्यंत तीस वर्षे लागली, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

बीसीएल-२ आणि त्याची भावंडे पेशीला जगवितात. पण त्याच कुळात मरणाकडे ढकलणारी प्रथिनेही आहेत. भाची ज्याचा अभ्यास करते ते यांतलेच एक. त्याचे नाव 'बॅड'. इंग्रजीत त्याचा अर्थ वाईट! अमेरिकेत कोर्समायर नावाच्या डॉक्टरांच्या प्रयोगशाळेत १९९५ साली ते सापडले. मी भाचीला म्हटले, "अगं, जे प्रथिन नको असलेल्या पेशीला निरोप देते त्याला वाईट का म्हणायचे?" ती हसली. म्हणाली, "मावशी, आद्याक्षरे जुळवून ठेवलेले नाव आहे ते." या कोर्समायर यांनी आयुष्यभर पेशींच्या मरणाचा अभ्यास केला आणि २००५ साली, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, फुप्फुसाच्या कर्करोगानेच ते गेले. हे ऐकल्यावर मला त्या रात्री जेवण गेले नाही.

हे बॅड प्रथिन पुष्कळ पेशींत आयते असते. मग पेशी लगेच मरत का नाही? कारण त्याला कडी घातलेली असते. ही कडी म्हणजे 'फॉस्फेट'. फॉस्फरस आणि प्राणवायू यांचा तो एक चिमुकला तुकडा. पेशीत काही प्रथिने हा तुकडा दुसऱ्या प्रथिनांना चिकटवीत असतात आणि काही तो काढून टाकीत असतात. कडी घालणारे वेगळे, काढणारे वेगळे. या युक्तीने पेशी आपली शेकडो कामे चालू आणि बंद करते. फिशर आणि क्रेब्स या दोघांनी १९५० च्या दशकात स्नायूंवर काम करताना हे ओळखले आणि त्यांना १९९२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. फॉस्फेट चिकटण्याच्या या क्रियेला 'फॉस्फोरिलेशन' म्हणतात. शब्द जड आहे. आपण कडी घालणे म्हणू.

पेशीला बाहेरून अन्न आणि 'जग' असा निरोप मिळत असतो, तोवर बॅडला कडी राहते. कडी असली की '१४-३-३' अशा आकडेवजा नावाचे दुसरे प्रथिन त्याला धरून बाजूला बसविते. निरोप थांबला की कडी निघते. मग बॅड सुटतो, पेशीच्या ऊर्जाघरापाशी जातो आणि जगविणाऱ्या प्रथिनांना जखडून टाकतो. त्यांचे हात बांधले गेले की मरणाची पुढची कामे सुरू होतात. १९९६ साली कोर्समायर यांच्याच प्रयोगशाळेने उंदराच्या बॅडमध्ये या कड्यांच्या दोन जागा दाखविल्या, ११२ वी आणि १३६ वी. पुष्कळ कर्करोगांत कडी घालणारे प्रथिन अतिशय उत्साही झालेले असते. त्यामुळे कडी निघतच नाही आणि जी पेशी जायला हवी ती ठाण मांडून बसते. म्हणून एखाद्या औषधाने बॅडची कडी निघते का, हे मोजणे महत्त्वाचे.

हे मोजायचे कशावर? जिवंत माणसावर एकदम नाही. त्यासाठी काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या पसरट बाटलीत माणसाच्या पेशी वाढवितात. आणि भगिनींनो, येथे मला दोन बायांची आठवण केल्याशिवाय पुढे जाववत नाही.

पहिली हेन्रिएटा लॅक्स. अमेरिकेतली कृष्णवर्णी, तंबाखूच्या शेतात राबलेली, पाच मुलांची आई. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाने १९५१ साली, एकतिसाव्या वर्षी गेली. तिच्या गाठीचा तुकडा डॉक्टरांनी तिला न विचारता काढून घेतला. बाल्टिमोरमधल्या जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या पेशी वाढू लागल्या आणि आजपर्यंत जगभर वाढत आहेत. त्यांना 'हेला' म्हणतात. घरच्यांना याचा पत्ता वीसेक वर्षांनी लागला. तिच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा २०१० साली बसला. २०२३ साली तिच्या वारसांची एका मोठ्या कंपनीशी तडजोड झाली. दुसरी बाई मिशिगनमधली एक ख्रिस्ती जोगीण. स्तनाच्या कर्करोगाच्या तिच्या पेशी १९७० साली घेतल्या. सातव्या प्रयत्नाला त्या जगल्या, म्हणून त्यांच्या नावात सात हा आकडा आहे. भाचीच्या बाटल्यांत याच पेशी असतात.

तिसरे नाव आपले हक्काचे. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे त्याच जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत जाऊन पेशी वाढविण्याची विद्या शिकल्या आणि परत येऊन मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी आपल्या देशातली तसली पहिली प्रयोगशाळा उभारली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. आपल्या मुलींना हे नाव सांगावे.

आता मोजण्याची रीत सांगते. ही मला सर्वांत आवडली, कारण ती मला स्वयंपाकघरासारखी वाटली. पेशींचे अन्न गुलाबी सरबतासारखे दिसते. कपाटात ३७ अंश, म्हणजे आपल्या अंगाइतकी ऊब ठेवलेली. हात मद्यार्काने पुसल्याशिवाय कशाला शिवायचे नाही. सोवळे म्हणावे तर हेच! एक बुरशीचा कण पडला तर महिन्याचे काम जाते.

समजा तीन ताटल्या आहेत. एकीत पेशींना नेहमीचे अन्न दिले, दुसरीत अन्नातला पोषक रस काढून टाकला, तिसरीत पाहायचे ते औषध घातले. वेळ भरताच ताटल्या बर्फावर ठेवतात. येथे फार घाई असते, कारण पेशी फोडल्यावर कडी काढणारी प्रथिने मोकाट सुटतात आणि खऱ्या कड्याही काढून टाकतात. म्हणून पेशी फोडण्याच्या पाण्यातच त्यांना थांबविणारी द्रव्ये मिसळलेली असतात. विरजण लागू द्यायचे नसले की दूध लगेच तापवून थंड जागी ठेवतो, तशी ही काळजी.

मग प्रत्येक ताटलीतले एकूण प्रथिन मोजून सारख्या मापाने घ्यायचे, उकळायचे, आणि खरवसासारख्या थरथरत्या पातळ वडीच्या खाचांत सोडायचे. वडीतून वीज सोडली की लहान प्रथिने पुढे पळतात, मोठी मागे रेंगाळतात. मग ती वडीतून कागदासारख्या पातळ पडद्यावर उतरवून घेतात. पण डोळ्यांना काही दिसत नाही. त्यासाठी असे द्रव्य लागते की जे हजारो प्रथिनांतून फक्त कडी घातलेला बॅड ओळखून त्यालाच चिकटेल. त्याला प्रतिपिंड म्हणतात. त्याला चिकटणारे दुसरे प्रतिपिंड प्रकाश पाडते आणि पडद्याच्या छायाचित्रात पट्टी उमटते. पट्टी गडद असेल तर कड्या पुष्कळ, फिकी असेल तर थोड्या.

एक गंमत सांगते. प्रतिपिंड भलत्या जागी चिकटू नये म्हणून पडदा आधी दुधाच्या भुकटीच्या पाण्यात भिजवितात. होय, बाजारात मिळते तसल्या साय काढलेल्या दुधाच्या! पण कड्या मोजायच्या असल्या की पुष्कळदा दूध टाळतात. कारण दुधातले केसीन हे प्रथिन स्वतःच फॉस्फेटने भरलेले असते, आणि मग पडदाभर घोटाळा होतो. तेथे गाईच्या रक्तातले दुसरे प्रथिन वापरतात.

आता मुख्य मुद्दा. नुसती कडी घातलेल्या बॅडची पट्टी पाहून भागत नाही. समजा मी म्हटले की माझ्या डब्यात तूप लावलेल्या आठ पोळ्या आहेत. त्यावरून काय कळले? डब्यात एकूण दहा असतील तर मी हात सैल सोडून तूप लावले, आणि चाळीस असतील तर घरात तुपाची टंचाई आहे. म्हणून एकूण बॅड किती, हे दुसऱ्या प्रतिपिंडाने वेगळे मोजतात आणि मग भागाकार करतात. शिवाय तिन्ही खाचांत माल सारखा पडला ना, हे पाहायला सगळ्या पेशींत असणारे तिसरे एखादे प्रथिन मोजतात. थोड्या मालावर मुद्दाम कड्या काढणारे द्रव्य घालून पट्टी नाहीशी होते का तेही पाहतात. नाही झाली, तर प्रतिपिंडच खोटे बोलते आहे. आणि हे सारे एकदा नाही, निदान तीनदा, वेगवेगळ्या दिवशी. वर पुन्हा पेशी खरोखर मेल्या का, हे निराळ्या रीतीने मोजायचे, कारण कडी निघाली म्हणजे पेशी मेलीच असे नाही. त्या कुळात जगविणारी इतर प्रथिने असतातच.

इतका खटाटोप कशाला, असे मी विचारले. भाची म्हणाली, "मावशी, आपल्याला जे हवे असते तेच डोळ्यांना दिसते. म्हणून डोळ्यांवर पहारा ठेवायचा."

हे वाक्य मी मनात धरून ठेवले आहे, आणि आज हा विषय निवडला तो त्यासाठीच. आपल्या वस्तीतल्या एका भगिनीच्या छातीत गाठ लागली. डॉक्टरांनी सुईने तपासणी करायला सांगितले. तेवढ्यात कोणी तिच्या हाती एका चूर्णाचे पत्रक दिले. त्यावर छापलेले होते की हे चूर्ण पेशीतील मृत्यूचे प्रथिन जागे करते, आणि ते प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे. सुईच्या भीतीने तिने ते चूर्ण अडीच महिने घेतले. गाठ वाढली. मग ती रुग्णालयात गेली, शस्त्रक्रिया झाली, आणि उपचार अजून चालू आहेत. आधी आली असतीस तर उपचार हलके पडले असते, असे तिला तिथे सांगण्यात आले. हे मी तिची परवानगी घेऊन सांगते आहे. हेन्रिएटाला कोणी विचारले नव्हते, आपण तरी विचारावे. तिचे नाव कोणी शोधू नये, आणि तिला दोष तर मुळीच देऊ नये. भीती कोणाला वाटत नाही? तिच्या जागी मी असते तर मलाही चूर्णाची पुडी सुईपेक्षा बरी वाटली असती.

त्या पत्रकातले शब्द कदाचित खोटे नसतीलही. ताटलीतल्या पेशींवर ते चूर्ण घातले असेल आणि त्या मेल्या असतील. पण ताटलीत पेशी मारणे फार सोपे आहे. मूठभर मीठ घातले तरी त्या मरतात, फिनेल घातले तरी मरतात. म्हणून असे काही वाचले की मी चार प्रश्न विचारते, ते तुम्हीही पाठ करावेत. पहिला, पोळ्यांचा: किती पैकी किती? दुसरा: निरोगी पेशींवर तेच घातले तेव्हा त्यांचे काय झाले? तिसरा: ताटलीत जेवढे लागले तेवढे आपल्या रक्तात कधी पोहोचेल का? चौथा: माणसांवर, दुसऱ्या कोणी, पुन्हा करून पाहिले काय? ज्या पत्रकात या चारांची उत्तरे नाहीत, ते पत्रक शेगडी पेटविण्यापुरते ठेवावे.

याचा अर्थ झाडपाला निरुपयोगी, असे मी म्हणत नाही. आपल्या अंगणात सदाफुली असते ना, तिच्यातूनच कर्करोगावरची व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही औषधे निघाली. त्यांचा शोध १९६० च्या सुमारास लागला आणि आजही मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिनक्रिस्टिन देतात. परंतु ते औषध सदाफुलीतून शुद्ध काढलेले, मोजून मापून, शिरेतून दिलेले असते. पाने चावून खाल्ली तर अंगावर बेतेल. फुलात गुण आहे, हे खरेच. पण तो गुण माणसाच्या कामी येतो तो मापामुळे.

हेन्रिएटाच्या आजाराबद्दल एक सांगून संपविते. तिच्या पेशींत मानवी पॅपिलोमा विषाणूचा अंश सापडला, आणि तो विषाणू गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचे कारण आहे हे आता पक्के झाले आहे. हे दाखविणारे हाराल्ड झुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळाले. त्याविरुद्धची लस उपलब्ध आहे, आणि पुण्याच्या सीरम संस्थेने बनविलेली लसही २०२३ पासून मिळते. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना ती सर्वांत उपयोगी पडते. आपल्या लेकी-नातींसाठी डॉक्टरांना जरूर विचारावे, आणि तिशी ओलांडलेल्या आपण सर्वांनी तपासणी करून घ्यावी. छातीत गाठ लागली, अंगावरून अवेळी गेले, तर लाजू नये आणि थांबू नये. एकटीला जाववत नसेल तर मंडळातल्या कोणालाही हाक मारावी. मी येईन. माझ्याकडे दुपारी दोन ते पाच वेळ असतो.

रात्रंदिवस कोणी तरी बर्फावर हात गारठवून, तीन-तीनदा मोजून, एका इवल्याशा कडीचा हिशेब ठेवीत आहे. त्यांत आपल्यासारख्या घरांतल्या पुष्कळ मुली आहेत. त्यांच्या मोजण्यावर विश्वास ठेवायचा की बिननावाच्या पत्रकावर, हे ठरविणे आपल्या हाती आहे.